हलका लोड

“बाकी सगळं छान आहे,” मुलाखतीच्या खोलीतून बाहेर येता येताच डॉ. पर्डी म्हणाले. फाइल त्यांच्या हातात उघडीच होती. “पण दुसऱ्या वर्षाच्या वसंतात लोड एवढा हलका कसा?”

मेडिकलच्या प्रवेशाच्या मुलाखतीला आलेली मार्नी गडबडीने उठली. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, पण तो दार लावल्यावर येईल अशी तिची समजूत होती. इथे तर शेजारच्या बाकावर तिचा बाप बसला होता, मांडीवर कोलाच्यांचा, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेल्या गोड पावांचा, खोका सांभाळत.

त्या वसंतात तिच्या बापाचं, एल्डन वोंद्राचं, खुब्याचं हाड मोडलं. तेही ऐन गाई विण्याच्या दिवसांत. मार्नीने पाचातले तीन विषय सोडले आणि दोनच ठेवून रँच सांभाळली. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “अगं, मेडिकलवाले नुसते गुण बघत नाहीत, लोडही बघतात, म्हणजे एका सत्रात किती विषय घेतले ते. पाच विषय झेपले नाहीत, तर पुढे काय झेपणार, म्हणतात.” बापाला मात्र तिने थाप मारली, की यंदा कॉलेजनेच विषय कमी ठेवलेत. आपल्या खुब्यापायी पोरीची डॉक्टरकी अडली असं कळलं असतं, तर तो जन्मभर कुढला असता. म्हणून आज तिने भलतंच उत्तर घोकून आणलं होतं.

“सर, ते... अवघड विषयांना जास्त वेळ...”

“हलका?” बाकावरून आवाज आला. एल्डन काठी टेकत उठला. “कोण म्हणतं हलका? डॉक्टर, त्या वसंतात माझ्या पोरीने एक लोड हलका आणला असेल तर नाव बदलेन! चाऱ्याच्या गठ्ठ्यांनी ट्रेलर असा ठासायची की टायर बसायचे. मी खाटेवर आडवा. बर्फात गाडी तिने हाकली, अडलेल्या गाई तिने सोडवल्या, खांद्यापर्यंत हात घालून. आणि तुम्ही म्हणता हलका!”

“डॅड, बस ना रे खाली!” मार्नी लाजून लालबुंद झाली.

डॉ. पर्डींनी फाइलकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग मार्नीकडे. आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

“चुकलंच माझं, मिस्टर वोंद्रा,” ते म्हणाले. “कागदावर वजन चुकीचं पडलंय.”

एल्डनचा राग निवला. त्याने खोका पुढे केला. डॉक्टरांनी कोलाचे उचलला आणि खातखातच मार्नीला आत नेलं. आत लोडचा विषयही निघाला नाही. अडलेल्या गाईंबद्दल मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि सांगता सांगता ही मुलाखत आहे हेच मार्नी विसरली. बाहेर आली तेव्हा तिला उगाचच नाचावंसं वाटत होतं.

मार्चमध्ये रँचवर फोन आला. मार्नी गोठ्यात होती. एल्डनने उचलला.

“पोरीला सांगा, जागा पक्की. ऑगस्टात या,” डॉ. पर्डी म्हणाले.

एल्डनचे डोळे भरून आले.

“आणि हेही सांगा,” डॉक्टर म्हणाले, “इथला लोड फार जड असतो.”

“त्याची काळजी सोडा, डॉक्टर!” एल्डन नाक पुसत म्हणाला. “मोठा ट्रेलर घेऊन येतो.”