भिंतीतलं भोक

"मालक, हे भोक बुजवू काय?" गवंड्यानं विचारलं.

सर्जेरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. धंदा नवा होता तेव्हा हे भोक त्यांनी आणि शेजारच्या वर्कशॉपवाल्या शिकलगारांनी मिळून पाडलं होतं. यांचं ड्रिल बिघडलं की तिकडून यायचं, त्यांना पाना लागला की इकडून जायचा. दोघांचीही कामं वेळेवर निघायची.

पुढं मोठ्या कंपनीच्या ऑर्डरी मिळाल्या, सर्जेरावांकडं सगळी हत्यारं आली आणि भोकापुढं कपाट आलं. शिकलगारांचं वर्कशॉप बंद पडलं, तेही सर्जेरावांनीच विकत घेतलं.

आज कपाट हललं होतं. सर्जेरावांनी भोकातून हात पलीकडं घातला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"तिकडं कोण हाय, मालक?"

"मीच," ते म्हणाले. "बुजव."