डुकराची वरात

दुपारची झोप काढून एव्हेलिओ गॅलरीतून खाली वाकला आणि त्याच्या तोंडून शिवीच निघाली. फुटपाथवर खडूनं काढलेलं छत्रीवालं डुक्कर गेलं होतं. गटाराच्या झाकणाचं केलेलं कासव गेलं होतं. भेगेतल्या गवताची दाढी लावलेला पाद्रीही गेला होता. उरली होती ती नुसती दाढी, पाणी पिऊन टवटवीत झालेली.

“पुन्हा धुतलं त्या बयेनं.”

त्याची बायको नेरेइडा खुर्चीतून हलली नाही. काठी खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. “मग उद्या पुन्हा काढ. डुक्कर कुठं पळून जातंय?”

“पळूनच तर गेलं. आणि तुझ्या चपला ओल्या कशानं?”

“पेला सांडला. आता त्याचीही पंचाईत कर.”

हवानाच्या त्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. तोंड धुतलेल्या पाण्यात लोक फडकी धुवायचे. तिथं तळमजल्यावरची मिग्दालिया एक डुक्कर पुसायला अख्खी बादली ओतायची. एव्हेलिओला याचं नवल वाटायला हवं होतं. त्याला नुसता राग यायचा.

नेरेइडा न्हाणीघरात घसरून पडली त्याला सात महिने झाले होते. त्याआधीचं वर्ष एव्हेलिओनंच अंथरुणात काढलं होतं. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्या यंत्रातून छापून यायला लागल्या आणि हा भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. डॉक्टरीणबाई येऊन त्याला बघून गेल्या, जाताना स्वयंपाकघरात नेरेइडाशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. आठवड्याभरात नेरेइडाच पडली. दोघंही आडवी म्हटल्यावर कॉफी कोण करणार? एव्हेलिओ उठला.

ती काठी टेकत गॅलरीपर्यंत यायची, पण बेचाळीस पायऱ्यांचा जिना म्हटला की मान फिरवायची. तिला हसवावं म्हणून त्यानं एकदा खाली जाऊन डुक्कर काढलं. ती हसली, आणि वरून ओरडली, “त्याचं लग्न लाव. दारापासून कोपऱ्यापर्यंत वरात काढ. अख्खी वरात एकदम दिसली की त्या दिवशी मी खाली उतरेन. आईची शपथ.”

झालं. त्या दिवसापासून एव्हेलिओच्या जिवाला चैन नाही. पांढऱ्यासाठी अंड्याच्या टरफलांचा खडू, बायका दृष्ट काढायला वापरतात तो. लाल म्हणजे विटेचा तुकडा, काळा कोळसा, निळी कपड्यांची नीळ. फुटपाथची वाकडी भेग बँडवाल्याची तुतारी व्हायची. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाचा बुंधा म्हणजे नवरीचा घोळदार झगा, पण तिथवर तो पोचेल तेव्हा ना. पावाच्या रांगेतले लोक जागा सोडून बघायला यायचे. “डुकराला बूट घाला की, अनवाणी लग्नाला जातंय,” असं कुणीतरी म्हणायचं आणि हा बूट घालायचा, आणि एक बूट उलटा काढून स्वतःच हसत सुटायचा. वरून दोरीला बांधलेल्या टोपलीतून कॉफी यायची. आधी जिना चढताना तो पाचदा टेकायचा, आता एकदा. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

पण जेवून डोळा लागला, की फुटपाथ कोरा.

“मिग्दालिया, तुला पाणी जास्त झालंय का गं?” त्या संध्याकाळी त्यानं तिला दारातच गाठलं.

“माझ्या दारात डुक्कर नको. दृष्टीचा खडू डुकराला फासता, म्हातारबा. संतांना काय वाटेल?”

“संतांचं मी बघतो. ती खाली उतरायला हवी.”

“मग हात चालवा जरा. एका सकाळीत कोपरा गाठा. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या म्हणता, का नुसते डबे धुतले?” आणि वर गॅलरीकडे बघून ती उगाच खोकली.

मंगळवारी सकाळी मिग्दालियाच्या दाराला कुलूप होतं. मातान्सासला तिच्या मुलीला अचानक कळा सुरू झाल्या होत्या. एव्हेलिओ कुठंही न टेकता वर आला.

“गेली! पंधरा दिवस नाही येत.”

“पंधरा दिवस?” नेरेइडाचा चेहरा उतरला. “मला काही बोलली नाही.”

“तुला कशाला बोलेल?”

“तेही खरंच.”

त्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. डुक्कर, कासव, पाद्री, बँड, छत्र्या धरलेल्या कोंबड्या, सगळी वरात खांबापर्यंत आली. फक्त नवरी राहिली.

“पुरे आता, ऊन डोक्यावर आलंय,” नेरेइडा वरून ओरडली. “नवरी उद्या काढ.”

“आत्ता संपवतो.”

“भात निवतोय, एव्हेलिओ. नवरी एका रात्रीत म्हातारी होत नाही.”

तो जेवला, आडवा झाला, पण डोळा लागेना. उद्या ती खाली उतरणार. कुठला झगा घालेल? दंडाला कोण धरेल? तो कुशीवर वळला, परत वळला. मग खालून खराट्याचा आवाज आला. खर्र, खर्र.

तो ताडकन उठला. मिग्दालिया तर गावाला गेलेली. गॅलरीत खुर्ची रिकामी होती. काठी जागच्या जागी टांगलेली होती. न्हाणीघरातली बादली मात्र नव्हती.

तो खाली वाकला. झगा गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही पायांवर भक्कम उभी राहून नेरेइडा कोंबड्या घासून काढत होती. शेवटचं पाणी तिनं डुकरावर ओतलं, बादली काखेत मारली आणि दोन दोन पायऱ्या एका दमात चढत, नवरा जागा व्हायच्या आत वर यायला निघाली. एव्हेलिओ पावलं न वाजवता पलंगाकडे गेला, दाराकडे तोंड करून पडला आणि मोठ्यानं घोरायला लागला.