दुमडलेलं टोक

मृदुलाने लॅपटॉपचं मागचं झाकण शेवटी स्वतःच उघडलं. अख्ख्या कॉलनीचे बंद लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या बाबांनी तिच्या लॅपटॉपपुढे मात्र हात टेकले होते. त्यापायी काल बंगळुरूच्या नोकरीची ऑनलाइन परीक्षा हुकली.

आत बटणाची वायर सुटी होती. तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीचं टोक नीट दुमडलेलं. बाबा नेहमी तसंच दुमडायचे, पुढच्याला नखाने खरवडत बसायला नको म्हणून.

पट्टी अलगद निघाली. तिने वायर जागेवर बसवून बटण दाबलं. स्क्रीन उजळला.

“लागला काही पत्ता?” बाबा दारात उभे होते.

तिने लॅपटॉप मिटला. “तुम्ही म्हणालात तेच, बाबा. बोर्ड गेलाय.”

बाबांचा चेहरा खुलला. “जाऊ दे गं! आपल्या नाशकात काय नोकऱ्या नाहीत?”