घंटा वाजली तेव्हा

सकाळी अकराला मानसशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली आणि शाल्मलीचं मांजर टेबलावर झोपलं.

महिनाभर तिनं देवघरातली घंटा वाजवूनच त्याला मासे घातले होते. घंटा ऐकली की ते जिभल्या चाटत धावत यायचं. आईनं मात्र ‘परीक्षा आहे बिचाऱ्याची’ म्हणून आज सकाळीच त्याला दोन बांगडे घातले होते.

“लावलेली सवय दाखवा,” बाहेरून आलेले परीक्षक खांबेटे सर म्हणाले.

तिनं घंटा वाजवली. मांजरानं कूस बदलली.

“बाळ्या, यंदाही नापास करतोस काय रे मला?” असं पुटपुटत तिनं जीव खाऊन घंटा बडवली.

खांबेटे सर उठले. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. घंटा थांबताच उजवा तळवा पुढे केला.

“सवय दिसली ना, सर?” शाल्मलीनं विचारलं.

सरांनी रिकाम्या तळव्याकडे पाहिलं. “प्रयोग मांजरावर होता!”

दुपारी दोनपर्यंत गुणांचा रकाना कोराच होता. सर अनवाणी बसले होते, कारण मांजर आता त्यांच्या चपलांवर झोपलं होतं.