‘सायरन’मधली दुसरी गिटार

शौनकने तो तुकडा तिसऱ्यांदा मागे नेला आणि पुन्हा लावला.

नगरच्या सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळचे अकरा वाजले होते. आरामखुर्चीत विष्णुपंत होते. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही. शेजारी त्यांच्या पत्नी सुमेधाताई बसल्या होत्या. समोर सोफ्याच्या अगदी कडेवर वांबोरीहून आलेले सहादेव. पाठ टेकायची नाही असं ठरवूनच आल्यासारखे ते बसले होते. पाण्याचा पेला त्यांनी उचललाच नव्हता.

‘सायरन’ हे गाणं अडतीस वर्षांपूर्वीचं. नागापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तिघाचौघांनी ‘तिसरी पाळी’ नावाचा बँड काढला होता, त्यांच्या एकुलत्या एका कॅसेटमधलं. तेव्हा ती कुणी फारशी ऐकली नाही. आता मात्र कॉलेजातल्या पोरांना तिच्यातला शेवटचा सोलो तोंडपाठ होता. पुण्यातली एक कंपनी तिची नवी तबकडी काढणार होती, आणि कुठल्या तुकड्यात कुठली गिटार वाजली आहे हे शौनकला सोबतच्या पुस्तिकेत लिहायचं होतं.

“काका, शेवटचा सोलो तुमच्या लाल जपानी गिटारवर वाजवलाय असं तुम्ही एका मुलाखतीत सांगितलं होतं.”

“हो, तीच,” सुमेधाताई म्हणाल्या. हल्ली पंतांची उत्तरं त्याच देत.

“आणि दुसरी गिटार आदिनाथकाकांची?”

“सुरुवातीच्या तुकड्यांत. ते त्याच्या आधीचं रेकॉर्डिंग.”

कशाच्या आधीचं, हे विचारायची गरज नव्हती. आदिनाथ म्हणजे सहादेवचे थोरले भाऊ आणि सुमेधाताईंचे पहिले पती. कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. शेताच्या बांधावरच्या शिसवीतून त्यांनी स्वतःची गिटार घडवली होती. मार्चमधल्या एका रविवारी, भर दुपारी, सरावाच्या शेडला आग लागली. शेजारीच थिनरचे डबे रचलेले होते. आदिनाथ आत होते. पंचनाम्यात जळालेल्या वस्तूंची यादी होती, तिच्यात ‘गिटार, एक’ अशी नोंद होती. सोलो त्यानंतर, एप्रिलमध्ये रेकॉर्ड झाला. पुढच्या वर्षी विष्णुपंतांनी सुमेधाताईंशी लग्न केलं. तेव्हापासून सहादेवने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

“कसे होते हो आदिनाथकाका?” शौनकने विचारलं.

सुमेधाताईंनी पंतांच्या अंगावरची शाल सारखी केली.

“हात फार चांगला होता त्याचा,” त्या म्हणाल्या. “गिटारवर.”

“दादासारखं वाजवनारा तालुक्यात न्हवता,” सहादेव म्हणाले. “अन् पोलीस काय म्हनले? तर दारू पिऊन पडला हुता. येवढ्यावर फाईल मिटवली.”

शौनक घुटमळला. “मी सहादेवकाकांना मुद्दाम बोलावलं. त्यांच्या बहिणीच्या लग्नातली एक कॅसेट त्यांच्याकडे आहे. आदिनाथकाका एकटेच वाजवताहेत. ती ऐका.”

खरखरीतून एक साधी धून वर आली. लग्नघरातली माणसं मध्येच हसत होती, भांडी वाजत होती. सहादेवने डोळे मिटून घेतले.

“हा सूर. ऐकलात?” शौनकने तेवढाच भाग परत वाजवला. “किंचित चढा लागतो आणि मागे बारीक झणझण येते. दांड्यावरच्या पितळी पट्ट्या त्यांनी हाताने ठोकल्या होत्या. त्यातली एक केसभर सरकून बसली. कारखान्यात बनलेल्या गिटारला असा दोष सहसा येत नाही.”

मग त्याने ‘सायरन’चा सोलो लावला. आता गाण्यातून एकेक वाद्य वेगळं काढता येतं. ड्रम गेले, गाणं गेलं, नुसती गिटार उरली. तोच सूर आला, तसाच चढा, तीच झणझण. एकदा नव्हे, चार वेळा.

“वाजवणारा हात विष्णुकाकांचा आहे, त्यात शंका नाही,” शौनक म्हणाला. “पण गिटार जपानी नाही. ती आदिनाथकाकांची आहे.”

खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. शौनकने सोलो थांबवला.

“एप्रिलात?” सहादेवने सावकाश विचारलं. “दादा जळाल्यावर?”

“हो.”

“ती तर जळाली हुती.”

“जळाली ती दुसरी कुठली तरी असणार.”

सहादेव उठले. ते आरामखुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

“म्हंजे पंत, तुमी आत गेल्ता. आग लागल्यावर गेल्ता तुमी. गिटार काढली भाईर, अन् मानूस तसाच ठिवला?”

पंतांचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटू लागला. “ना... ना...” एवढंच तोंडातून येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते सहादेवकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

“अडतीस वर्सं आमची आई इचारीत मेली, माझं लेकरू भाईर का न्हाई आलं म्हनून,” सहादेव म्हणाले. “बोला की! येक लाकूड वाचवलं तुमी, अन् माझा भाऊ...”

“काका, बसा. त्यांना त्रास होतोय,” शौनक घाबरून म्हणाला. आपण हे काय उकरून काढलं, असं त्याला झालं होतं.

“ना... ना...” पंतांनी सुमेधाताईंचा पदर मुठीत धरला.

त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. पंतांचं तोंड पुसलं. मग त्या सहादेवकडे वळल्या.

“यांना काही विचारू नका, भावजी. त्या दिवशी हे नगरमध्ये नव्हतेच. पुण्याला गेले होते.”

“मग गिटार कोनी काढली, वैनी?”

“मी,” सुमेधाताई म्हणाल्या. “तो झोपला होता. गिटार आधी बाहेर नेऊन ठेवली, आणि मगच दाराला बाहेरून कडी घातली.”