जोत्याचे चिरे

दुपार व्हायच्या आतच धोंडे संपले आणि कुंपणाचा गडगा फणसापाशी येऊन अडला. अजून दहा-बारा हात जागा उघडी होती. तेवढ्या वाटेने गावची सगळी गुरं आत शिरली असती. भातं कापून झाली की गुरं मोकाट सुटतात. आनंदीची आंब्याची कलमं त्यांनी गेल्या साली बुडख्यापर्यंत खाल्ली होती. यंदा तिने वेंगुर्ल्याहून पुन्हा आणून लावली. तीही गेली असती तर तिच्यापाशी पुढचा आधार म्हणून काही उरलं नसतं.

म्हणून रविवार धरून वाडीतले गडी आले होते. मजुरीचं नावही कुणी काढलं नव्हतं. शाळेचे मास्तर अलीकडे याला श्रमदान म्हणू लागले होते. वाडी हे काम मास्तरांच्या जन्माआधीपासून करत आली होती. घरात पुरुषमाणूस नसेल त्या घराचा गडगा वाडीने घालायचा आणि घरच्या बाईने दुपारची पेज द्यायची, अशी रीतच होती.

"आता धोंडे वहाळातसून आणूक होये," कुणीतरी कंबर धरत म्हणालं. ओढा लांब, ऊन डोक्यावर. गंगाराम गवंड्याने इकडेतिकडे पाहिलं. घराच्या मागे एक जोतं होतं. चारी बाजूंनी ताशीव चिरे, आत चोपलेली माती, वर भिंत मात्र नाही. आनंदीचा नवरा परशुराम खलाशी होता. हे जोतं घालूनच तो काही वर्षांमागे गलबतावरून मंगळूरला कौलं आणायला गेला होता.

"चिरे आसत की," गंगाराम म्हणाला आणि त्याने पहार घातली.

मग काय, काम झपाट्याने वर चढलं. धोंड्याला धोंडा जुळवत बसायची कटकट नाही, चिऱ्यावर चिरा बसत गेला. "चिऱ्यांचो गडगो! राजाच्या बागेक पण असो नसतलो," गंगाराम म्हणाला आणि सगळे हसले. खरं सांगायचं तर ते खूश होते. एका एकट्या बाईचं काम आपण नीट करून दिलं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

आनंदी पेजेची हंडी कडेवर घेऊन मागच्या अंगाला आली. तिने आधी गडगा पाहिला, मग जोत्याकडे पाहिलं. जोत्याची एक बाजू उघडी पडून आतली माती ढासळली होती.

"हे चिरे खंयचे?"

"जोत्याचे. फुकट पडान होते," गंगाराम अजून हसतच होता.

"मगे आमचे हे परत इल्यार घर खंयार बांधतले?"

त्याच वेळी कुणी "लावन देतंव गो परत" असं म्हणालं असतं, तर तिने विश्वास ठेवला असता. ती भोळीच होती. पण एक जण हाताची माती झाडू लागला, दुसऱ्याने तोंड फिरवलं. गंगारामाच्या हातातला चिरा खाली पडला, तो त्याने उचललाच नाही. वाडीने इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट तोंडातून कधी निसटली नव्हती. आज ती हातांनी सांगून टाकली होती.

एवढ्यात बाबली वेळूचा भारा घेऊन आला. बाबली परशुरामाचा जिवलग दोस्त. परशुराम मंगळूरहून परस्पर एडनच्या बोटीवर चढला, हे आनंदीला त्यानेच सांगितलं होतं. त्याने जोतं पाहिलं आणि भारा खांद्यावरून टाकून दिला.

"बाबलीभावजी, खरा सांगा," आनंदी म्हणाली. "हे खंय आसत?"

बाबली मग खालीच बसला.

"गलबत येतानाच बुडाला, वयनी. गलबतावरचो तांडेल एकटोच वाचलो. त्येना येवन माका सांगल्यान. तुमी तेवा तापान फणफणत होतास. बरी झालास की सांगूया म्हटलंय. मगे तुमी वाट बघूक लागलास... माका तोंड झाला नाय."

आनंदीने हंडी जोत्यावर, अजून शाबूत असलेल्या बाजूला, ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडण्याआधी तिला काहीतरी विचारायचं होतं.

"सगळ्या वाडयेक म्हायत होता?"

"होय."

"तुमच्या सुभद्रेक पण?"

"तिका पण."

"ती दर संक्रांतीक माका हळदीकुंकवाक बोलवता. सगळ्यांच्या आदी माज्या कपाळाक कुंकू लावता. म्हायत आसान लावता?"

बाबलीने मान हलवली. "लावता. नि तुमी गेल्यार आत जावन रडता. दर वर्साक."

 फणसावर एक खार ओरडत होती, तिला कुणी हाकललंही नाही. गड्यांना वाटलं, आता ही आक्रोश करील, शिव्या देईल, गडगा पाडायला सांगील. तसं झालं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं.

आनंदी वाकली. खाली पडलेला चिरा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि गंगारामाच्या हातात दिला. त्याने तो घेतला, पण लावायला त्याचा हात उचलेना.

"लाव," ती म्हणाली. "गुरां येतत."

मग ती बाबलीकडे वळली.

"सुभद्रेक सांगा भावजी, ह्या संक्रांतीक तिका रडूची पाळी येवची नाय."