थोरल्या वळूचं बीज

नळीनं बीज सोडून गाय भरवायला, म्हणजे गाभण करायला, आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, “गाय बारकी आहे. लहान जातीच्या वळूचं बीज घेऊ.”

बिराप्पा हटून बसला. “आवं, भरायचंच तर थोरल्यात थोरल्या वळूचं भरा!” त्याचं बघून साऱ्या वाडीनं त्याच वळूचं भरून घेतलं.

आज पहाटेपासून गाय अडली होती. वासराचे पुढचे खूर तेवढे बाहेर आले होते, आणि ते गाईच्या खुरांएवढे दिसत होते. बिराप्पा ओढून ओढून दमला. दुपारी गाईनं मान टाकली.

तो गोठ्याबाहेर आला. दारात सारी वाडी उभी होती.

शेजारचा भाऊसो तेवढा पुढं झाला. “बिराप्पा, आमची गाय बी सकाळधरनं कळांनी उठबस करतीया रं.”